गिरणीची भिंत आणि अठ्ठावन्नावा नियम

लोअर परळ स्थानकाबाहेर पडून सेनापती बापट मार्गाला लागलं की थोड्याच वेळात फिनिक्स मिलची चिमणी दिसते. 1905 साली स्थापन झालेल्या या गिरणीच्या जागेत आता दुकानं, चित्रपटगृहं आणि पंचतारांकित हॉटेल आहे. चिमणीच्या आसपास लोक कॉफी पितात, फोटो काढतात. तिथून जवळच कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि खाण्यापिण्याची ठिकाणं भरली आहेत. रूळ ओलांडून ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या माणसांच्या डिलाईल रोडवर आलं, की मथुरादास मिलच्या आवारातही तोच प्रकार. पण याच पट्ट्यात श्रीनिवास मिल, ज्युपिटर किंवा मुंबई टेक्स्टाईल मिल शोधायला निघालं तर हाती काही लागत नाही. तिथे काचेचे मनोरे आहेत आणि फाटकांवर नवी नावं आहेत. गिरणगाव बघायला आलेला माणूस बहुधा इथे हळहळतो आणि पुढे जातो. मला मात्र या रस्त्यांवरून फिरताना एकच प्रश्न सोडत नाही. या गिरण्या शेजारशेजारच्या, एकाच धंद्यातल्या, एकाच संपाने खिळखिळ्या झालेल्या. मग काहींच्या भिंती का राहिल्या आणि काहींच्या का गेल्या?

याचं उत्तर लोकांच्या तोंडी तयार असतं. धंदा बुडाला, इमारती जुनाट झाल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला, पाडापाडी होणारच होती. या उत्तराने सगळ्यांचीच सोय होते, कारण त्यात दोष काळाला दिलेला असतो आणि काळाला कुणी जाब विचारत नाही. मला हे उत्तर पटत नाही. गिरण्यांच्या इमारती उपयोगाच्या होत्या, कदाचित मुंबईतल्या सगळ्यात उपयोगाच्या. त्या राहणार की जाणार हे विकास नियंत्रण नियमावलीतल्या अठ्ठावन्नाव्या नियमाच्या शब्दरचनेने ठरवलं. रचना बदलली तशी इमारतींची गतही बदलली.

आधी इमारतीकडेच नीट पाहायला हवं. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी काढली आणि ताडदेवला त्यांची सूतगिरणी 1856 मध्ये चालू झाली. तेव्हापासून गिरणी बांधण्याची पद्धत लँकशायरहून यंत्रांबरोबरच आली. कताईचं काम मजल्यांवर, कारण वाफेच्या एका इंजिनाची शक्ती दोरांनी आणि दांड्यांनी प्रत्येक मजल्यावर पोचवायची तर यंत्रं एकावर एक रचलेली बरी. विणकाम मात्र जमिनीवर, एकमजली लांबरुंद शेडमध्ये. शेकडो माग एकदम चालले की धोट्याच्या फटक्यांनी सगळी जमीन हादरते. ते हादरे वरच्या मजल्यांना पेलवणारे नव्हते. शिवाय ताण्यातला तुटलेला धागा दिसायला उजेड हवा, पण ऊन नको. म्हणून छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, दात्याची उभी काचेची बाजू उत्तरेला. आवारात पाण्याचा तलाव, कारण इंजिनाची वाफ थंड करायला पाणी लागे. कापसाच्या तुसाला ठिणगी पुरते, म्हणून मनोऱ्यावर आग विझवण्याच्या पाण्याची टाकी. ओतीव लोखंडाचे खांब ठरावीक अंतरावर, जाडजूड विटांच्या भिंती, उंच छत, आणि वजनदार यंत्रांसाठी बांधलेल्या जमिनी. एखाद्या वास्तुविशारदाला ‘पुढे काहीही करता येईल अशी इमारत बांध’ म्हणून सांगितलं असतं, तर त्याने याहून फारसं वेगळं काही बांधलं नसतं.

आणि ‘पुढे काहीही’ हे गिरण्या चालू असतानाच घडत होतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बऱ्याच गिरण्या मुख्यतः सूत काढत आणि ते चीनला जाई. जपानी सूत त्या बाजारात उतरलं, इकडे स्वदेशीची चळवळ आली, आणि कापड विणणं फायद्याचं झालं. कताईच्या जुन्या मजल्यांशेजारी मागांच्या नव्या शेडी आल्या. साचेखातं हे कित्येक गिरण्यांमध्ये असं मागाहून वाढलेलं अंग आहे. 1915 मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत आली आणि इंजिनघरांची मिरास संपू लागली. बॉयलर उरले ते खळ आणि रंगाई यांसारख्या कामांना वाफ हवी म्हणून. जिला आज आपण गिरणीची खूण म्हणून जपतो ती चिमणी गिरणी धडधाकट असतानाच निम्मी निकामी झाली होती. विजेच्या दिव्यांनी तर त्याही आधी पाळीचे तास लांबवले होते. म्हणजे या भिंतींच्या आत काय चालतं हे शंभर वर्षांत अनेकदा बदललं आणि त्यासाठी भिंती पाडाव्या लागल्या नाहीत. ‘गिरणी गेली, मग इमारत ठेवून करायचं काय’ असं विचारणाऱ्याने हा इतिहास लक्षात घेतलेला नसतो.

या भिंतींबद्दल भाबडा उमाळा येऊ नये म्हणून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. उत्तरेचा उजेड येणारी ती विणकामाची शेड सगळ्यांसाठी खुली नव्हती. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. हे निमित्त पुढे करून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात घेतलं जात नसे. त्यांच्या वाट्याला कमी मजुरीचं त्रासनखातं आलं. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि कामगारांच्या पुढाऱ्यांना त्यावर बोलावं लागलं. रविवारची सुट्टी मिळवायला नारायण मेघाजी लोखंडे यांना 1890 पर्यंत झगडावं लागलं होतं. गिरणी हे शोषणाचं ठिकाण होतं, मग तिच्या भिंती कशाला जपायच्या, असा आक्षेप काही जण घेतात. तो मनापासून घेतलेला असतो, पण मला तो उलट्या बाजूने लागू पडतो असं वाटतं. कोणत्या खात्यात कुणी जायचं आणि कुणी जायचं नाही हे जागेवर उभं राहून दाखवता येतं ते भिंत असली तर. शेड गेली की जातीची ती रेघही गेली, आणि उरलेल्या चिमणीत ती शोधून सापडत नाही. जपलेल्या चिमणीचा मला थोडा राग येतो तो म्हणूनच. तिच्यात काम करणारं माणूस कुठेच नसतं.

आता मूळ मुद्द्याकडे. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पुढच्या दशकात गिरण्या एकेक करून थंडावल्या. तेव्हा मुंबईत गिरण्यांची संख्या 58 धरली जाई आणि त्यांच्याखाली सुमारे 600 एकर जमीन होती. त्यातल्या 25 राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात होत्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत अठ्ठावन्नावा नियम आला तो या जमिनींसाठी. त्याचा गाभा असा होता की गिरणी मालकाने जमिनीचा विकास केला तर ढोबळमानाने एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक स्वतःला ठेवायचा. टक्केवारी जमिनीच्या आकाराप्रमाणे थोडी बदले. पण गिरणीची इमारत न पाडता तिच्यातच दुसरा वापर सुरू केला तर हे वाटप टळत होतं. इमारत पाडली की तिच्याखालची जमीन मोकळी झाली आणि मोकळ्या जमिनीची वाटणी आली. मालकाच्या बाजूने हिशेब केला तर पाडणं तोट्याचं आणि ठेवणं फायद्याचं होतं.

फिनिक्स, कमला, मथुरादास यांच्या आवारांत जुन्या बांधकामात नवा धंदा शिरला तो या हिशेबाने. मालकांना अचानक वारशाचं प्रेम आलं होतं असं मानायचं कारण नाही. यावर गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या बाजूच्या अभ्यासकांनी तेव्हाच बोट ठेवलं होतं. मालक विकास करतच नाहीत, जागा दडवून ठेवतात, वाटणी टाळण्यासाठी जुन्या शेडी भाड्याने देतात, आणि म्हाडाच्या हाती काही पडत नाही, असं ते म्हणत. दत्ता इस्वलकरांनी तर हा नियम येण्याआधीच, 1989 मध्ये, बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली होती. हा आक्षेप खोटा नव्हता. त्या नियमाने इमारती वाचवल्या, पण कामगारांना घरं दिली नाहीत, आणि त्या वाचलेल्या इमारतींच्या दारांवर गिरणीत काम केलेल्या माणसाने बिचकावं असेच भाव लागले. पण यावरचा इलाज काय हवा होता? वाटणी टाळता येणार नाही अशी सोय करायची आणि इमारत ठेवण्याचं आकर्षण तसंच राखायचं. 1996 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनी एकेकट्या न बघता एकत्र आखून मोकळ्या जागा, घरं आणि जुन्या वास्तू यांचा मेळ घालण्याची वाट दाखवली होती. तो अहवाल बाजूला पडला.

झालं ते वेगळंच. 2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त त्या जमिनीची करायची ठरली जी आधीपासून मोकळी होती. इमारत पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबातून वगळली गेली. गिरण्यांच्या आवारात बांधकाम दाटीने भरलेलं असे, मोकळी जागा थोडी. त्यामुळे महापालिका आणि म्हाडा यांच्या वाट्याला अगदी थोडं उरलं. हा तोटा सगळ्यांच्या लक्षात आला आणि त्यावर बोललंही गेलं. त्याच दुरुस्तीने इमारतीच्या डोक्यावरचं छत्रही काढून घेतलं, याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. पाडल्याने आता काही द्यावं लागत नव्हतं. उलट जिथे एकमजली शेड होती तिथे चटईक्षेत्राचा पूर्ण हक्क वापरून मनोरा उभा करता येत होता. करवती छपराची शेड ही या नव्या हिशेबात सगळ्यात महागडी चैन ठरली, कारण ती सगळ्यात जास्त जमीन अडवून सगळ्यात कमी उंच होती. 2005 मध्ये महामंडळाने गिरण्या लिलावात काढल्या. मुंबई टेक्स्टाईल मिल 702 कोटींना गेली, ज्युपिटर 276 कोटींना. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये दुरुस्तीच्या विरोधात निकाल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती कायम केली. त्यानंतरची दहा वर्षं लोअर परळचं आकाश ज्यांनी पाहिलं त्यांना पुढचं सांगायला नको.

यावर अर्थशास्त्राचा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मुंबईसारख्या चिंचोळ्या बेटावर जमिनीचा भाव इतका असेल तर कुठलाही नियम एकमजली शेड फार काळ वाचवू शकणार नाही. इंग्लंडात जुन्या गिरण्या वाचल्या त्या तिथल्या गिरणगावांत जमिनीला गिऱ्हाईकच नव्हतं म्हणून. यॉर्कशायरमधल्या सॉल्टेअरचं उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. टायटस सॉल्ट यांनी 1853 मध्ये उघडलेली तिथली लोकरीची गिरणी 1986 मध्ये बंद पडली. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर या उद्योजकाने ती विकत घेतली, एका भागात डेव्हिड हॉकनी यांच्या चित्रांचं दालन मांडलं, दुसऱ्या भागात इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीला जागा दिली. ब्रॅडफर्डच्या आसपास तेव्हा मंदी होती. लोअर परळसारखी बोली तिथे कुणी लावलीच नसती. हे मला मान्य आहे. पण यातून जे सिद्ध होतं ते एवढंच की बाजार एकटा सोडला तर महागड्या जमिनीवरची शेड जाते. मुंबईत बाजार एकटा कधीच नव्हता. चटईक्षेत्र किती द्यायचं, कशाच्या बदल्यात द्यायचं, कुठलं बांधकाम धरायचं आणि कुठलं सोडायचं, हे सगळं सरकार ठरवत आलं आहे. जमिनीचा भावसुद्धा बराचसा या ठरवण्यातून तयार होतो. 1991 ते 2001 या दहा वर्षांत त्याच बेटावर, त्याच टंचाईत, मालक शेडी ठेवत होते. टंचाई नंतर अचानक जन्मली नाही. सॉल्टेअर, न्यू लॅनार्क आणि डरवेंट खोरं ही ब्रिटनमधली तीन कापडगिरण्यांची ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली तेही 2001 मध्येच. मुंबईच्या दुरुस्तीचंही तेच वर्ष. 2018 मध्ये मुंबईला त्या यादीत पुन्हा जागा मिळाली ती ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींसाठी. हा मान योग्यच आहे. फक्त त्या श्रीमंतीमागे कापूस आणि सूत किती होतं हे त्या मैदानावर उभं राहून कळत नाही.

दुसरा आक्षेप त्याहून बोचरा आहे. ज्याला घर नाही त्याच्यासमोर विटांच्या भिंतीचं कौतुक सांगायचं का? हा प्रश्न गिरणी कामगाराने विचारला तर त्याला गप्प बसवण्याचा अधिकार कुणाला नाही. 2012 मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत काढली तेव्हा सात हजारांहून कमी घरं होती आणि अर्जदार लाखाच्या पुढे. पण घर की इमारत असा पर्याय आपल्यापुढे खरोखर कधी आला होता का? ज्या दुरुस्तीने शेडी गेल्या त्याच दुरुस्तीने म्हाडाचा हिस्सा आटला. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात गेल्या. शेड पाडून तिच्या जागी कामगाराचं घर उभं राहिलं असतं तर मी हा लेख वेगळा लिहिला असता. उभं राहिलं ते कुणाचं घर, हे त्या मनोऱ्यांच्या फाटकावरच्या गाड्या बघून कळतं.

29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत 14 माणसं गेली, तेव्हा जुन्या गिरण्यांच्या पुनर्वापरावरच अनेकांनी काट मारली. ती आग गच्चीवरच्या उपाहारगृहांत लागली होती, जुन्या खात्यात नव्हे. तिथे जे चुकलं ते परवाने, अडवलेल्या वाटा आणि तपासणी या खात्यातलं होतं. गिरणी बांधणाऱ्यांना आगीची धास्ती आपल्यापेक्षा जास्त होती. मनोऱ्यावरच्या त्या टाक्या त्याची साक्ष देतात.

एका ठिकाणी मात्र मी माझा युक्तिवाद आवरता घेतो. दादरला चैत्यभूमीच्या शेजारी इंडिया युनायटेड मिलची सहा क्रमांकाची गिरणी होती. लोकांच्या तोंडी ती इंदू मिल. ती जमीन डॉ. आंबेडकरांच्या स्मारकाला द्यावी यासाठी मोठं आंदोलन झालं, 2015 मध्ये भूमिपूजन झालं, आणि गिरणीचं बांधकाम तिथे राहिलं नाही. साचेखात्याचं दार ज्यांच्यासाठी बंद होतं त्यांच्या नेत्याचं स्मारक गिरणीच्याच जमिनीवर उभं राहतं यात एक न्याय आहे. इथे जमीन खाजगी मनोऱ्याला न जाता सार्वजनिक कामाला गेली. जुन्या शेडीचा एखादा भाग त्या स्मारकात घेता आला असता, धोट्यातून धागा तोंडाने ओढण्याची गोष्ट तिथेच सांगता आली असती असं मला वाटतं. पण हा सुचवण्याचा विषय आहे, तक्रारीचा नाही.

याच समूहाच्या दोन आणि तीन क्रमांकाच्या गिरण्या काळाचौकीला आहेत. चिंचपोकळी स्थानकावरून पूर्वेला चालत गेलं की लालबाग ओलांडून तिथे पोचता येतं. वाटणीत महापालिकेकडे आलेली सुमारे 44 हजार चौरस मीटर जागा, तिच्यात गिरणीचा तलाव आणि जुनं बांधकाम. इथे वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरून बरीच वर्षं झाली. कामाची सुरुवात तलावाच्या काठापासून करायचं ठरलं. फिरायला जागा, भित्तिशिल्पं, पाण्याचे खेळ अशी ती आखणी. हे सगळं करायला हरकत नाही, पण अग्रक्रम मला उलटा वाटतो. कारंजं कुठल्याही बागेत करता येतं. सार्वजनिक मालकीची, खात्यांची रचना अजून वाचता येईल अशी गिरणी शहराकडे दुसरी नाही असंच म्हणावं लागेल. तिथे आधी छपरं सावरायला हवीत. खांबांच्या ओळींमध्ये माग आणि चाती जिथल्या तिथे मांडायला हव्यात. कुठलं खातं कुणाचं होतं, कुणाला तिथे मज्जाव होता, बायका कुठे काम करत, बदली कामगार सकाळी कुठे ताटकळत, हे त्या-त्या जागी लिहायला हवं. संग्रहालयाला जागा कमी पडणार नाही. उरलेल्या शेडीत विणकरांना, लघुउद्योगांना माफक भाड्याने जागा देता येईल, आणि ती इमारत जे शंभर वर्षं करत आली तेच पुढेही करत राहील.

अठ्ठावन्नावा नियम आता 2034 च्या नियमावलीत पस्तिसावा झाला आहे आणि त्यातही बदल होत राहतील. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली असा फेरबदल करायचा तर सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापावी लागते आणि हरकती-सूचनांसाठी महिनाभराची मुदत द्यावी लागते. ही सूचना आतल्या पानावर, बारीक अक्षरांत येते. ती वाचा, आणि ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांची व्याख्या काय केली आहे ते आधी बघा. ती पटली नाही तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. त्यासाठी गिरणगावचं रहिवासी असावं लागत नाही. कुणाही व्यक्तीला ती देता येते.